सूट घालून आलेलं मत: २०२२च्या उन्हाळ्यातलं ‘जेंटलमिनियन्स’ प्रकरण

१ जुलै २०२२, शुक्रवार. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत ‘मिनियन्स: द राइज ऑफ ग्रू’ लागला. जेमतेम ८७ मिनिटांचा ॲनिमेशनपट, पिवळ्याधमक, गोल डोळ्यांच्या, केळ्यांवर जीव टाकणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांचा. असे चित्रपट कोण बघतं हे चित्रपटगृहांना पाठ असतं. पाच ते दहा वर्षांची मुलं, सोबत आईबाप, दुपारचे खेळ. त्या शुक्रवारी मात्र दारात वेगळीच गर्दी उभी राहिली. पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं, पाच-पाच, दहा-दहा, कुठे कुठे त्याहून मोठ्या घोळक्यांनी. अंगात काळा सूट, गळ्यात टाय, काहींच्या डोळ्यांवर गॉगल, काहींच्या हातात केळी. आत जाऊन ओळीने बसायचं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून ग्रूसारखी, म्हणजे मिनियनांच्या खलनायक म्होरक्यासारखी, गंभीर मुद्रा करायची, ग्रू पडद्यावर आला की टाळ्यांचा कडकडाट, चित्रपट संपला की उभं राहून पुन्हा टाळ्या. आणि हे सगळं मोबाइलवर टिपून टिकटॉकवर टाकायचं. या प्रकाराला नाव पडलं ‘जेंटलमिनियन्स’.

४ जुलैच्या सुट्टीला जोडून आलेल्या त्या चार दिवसांत चित्रपटाने अमेरिका-कॅनडात सुमारे १२ कोटी ३० लाख डॉलर कमावले. त्या सुट्टीचा आधीचा विक्रम २०११मधल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटाच्या नावावर होता, साधारण ११ कोटी ६० लाखांचा. तो मोडला. प्रेक्षकांच्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांचा वाटा सुमारे एक तृतीयांश निघाला. लहानग्यांच्या चित्रपटाला एवढे किशोरवयीन प्रेक्षक येणं धंद्यात मुरलेल्या लोकांनाही नवं होतं.

त्याच दिवसांत ब्रिटनमधल्या काही चित्रपटगृहांच्या दारावर सूचना चिकटल्या की औपचारिक पोशाखात आलेल्या गटांना या चित्रपटासाठी प्रवेश मिळणार नाही. तिकडे चित्रपटाचे वितरक युनिव्हर्सल पिक्चर्स ट्विटरवरून सूट घालून येणाऱ्या सगळ्यांना कळवत होते की आम्ही तुम्हाला बघतोय आणि आमचं तुमच्यावर प्रेम आहे.

मुलं तीच, सूट तेच. एकाने मिठी मारली, दुसऱ्याने दार लावलं. उन्हाळी चित्रपटांबद्दल किशोरांचं मत काय असतं, ते कुठे दिसतं आणि मोठी माणसं ते कसं वाचतात, हे तपासायला मला याहून बोलकं प्रकरण आठवत नाही. या मुलांनी आपलं मत अगदी स्पष्ट दिलं होतं. चित्रपट आमचा आहे, आणि तो आम्ही आमच्या पद्धतीने, सगळे मिळून बघणार. कंपनीने त्यात फुकटची जाहिरात पाहिली, थिएटरवाल्यांनी हुल्लडबाजी. मत म्हणून ते फार थोड्यांनी ऐकलं.

उन्हाळा कोणाचा?

अमेरिकेत उन्हाळा हा चित्रपटांचा मोठा हंगाम झाला त्याला ‘जॉज’ हा १९७५च्या जूनमध्ये आलेला चित्रपट कारण मानला जातो. शेकडो पडद्यांवर एकदम प्रदर्शन, त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा मारा, आणि शाळांना सुट्टी लागलेली. दोन वर्षांनी ‘स्टार वॉर्स’ आला आणि एकच चित्रपट पुन्हा पुन्हा बघणाऱ्या पोरांच्या जिवावर केवढी कमाई होते ते सगळ्यांच्या लक्षात आलं. १९८४च्या उन्हाळ्यात इंडियाना जोन्सचा दुसरा चित्रपट आणि ‘ग्रेमलिन्स’ यांतल्या हिंसेवर पालकांनी ओरड केली, तेव्हा १ जुलैपासून चित्रपटांच्या वयोगटवारीत पीजी-१३ हा नवा वर्ग सुरू झाला, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा. लहान मुलांचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं, यांच्या मधल्या वयाला पहिल्यांदा स्वतःचं खातं मिळालं. हॉलिवूडचे बहुतेक मोठे उन्हाळी चित्रपट तेव्हापासून याच वर्गात बसवले जातात.

पण २०२२च्या उन्हाळ्याचा फलक बघा. २७ मे रोजी ‘टॉप गन: मॅव्हरिक’ आला. १९८६च्या चित्रपटाचा तो पुढचा भाग, आणि पहिल्या तीन दिवसांतले निम्म्याहून जास्त प्रेक्षक पस्तिशीच्या पुढचे. १० जूनला ‘ज्युरासिक वर्ल्ड डॉमिनियन’, त्यात १९९३च्या मूळ चित्रपटातले नट परत आणलेले. १७ जूनला ‘लाइटइयर’, १९९५ला सुरू झालेल्या ‘टॉय स्टोरी’चा धागा पकडून काढलेला. २४ जूनला एल्व्हिस प्रेस्लीचं चरित्र. एकेक चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न वेगळा. यादी वाचली की दिसतं ते हे की जवळजवळ प्रत्येक चित्रपट दुसऱ्या कोणाच्या तरी लहानपणाला साद घालत होता. सोळा वर्षांच्या मुलाने त्या आठवणी उसन्या घ्यायच्या.

त्या यादीत ज्याच्यासोबत ही मुलं स्वतः वाढली होती असा एक चित्रपट होता, आणि तो नेमका लहान मुलांच्या कप्प्यात टाकलेला होता.

बारा वर्षांची ओळख

ग्रू आणि मिनियन ज्यात पहिल्यांदा दिसले तो ‘डेस्पिकेबल मी’ ९ जुलै २०१०ला आला. तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल २०२२मध्ये सतरा वर्षांचं होतं. मधल्या काळात २०१३ला दुसरा भाग, २०१५ला फक्त मिनियनांचा चित्रपट, २०१७ला तिसरा भाग. वयाच्या पाचव्या, आठव्या, दहाव्या, बाराव्या वर्षी, प्रत्येक वेळी उन्हाळ्यातच, ही मुलं त्याच पिवळ्या टोळीला भेटत आली. दप्तरावर मिनियन, डब्यावर मिनियन, वाढदिवसाच्या केकवर मिनियन.

पुढचा चित्रपट जुलै २०२०मध्ये यायचा होता. ट्रेलरही आला होता. मार्चमध्ये कोविडमुळे चित्रपटगृहं बंद झाली आणि तारीख आधी जुलै २०२१वर, मग जुलै २०२२वर गेली. म्हणजे ज्या मुलांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी हा चित्रपट बघायचा, त्यांनी तो सोळाव्या-सतराव्या वर्षी बघितला. मधली दोन वर्षं त्यांची शाळा पडद्यावर भरली, समारंभ रद्द झाले, कित्येकांचं शाळेतलं शेवटचं नृत्यसंमेलनही हुकलं. सूटबूट घालून मित्रांसोबत मिरवायचा जो हक्काचा प्रसंग अमेरिकी मुलांच्या आयुष्यात त्या वयात येतो, तो अनेकांच्या वाट्याला आलाच नाही. सूट निवडण्यामागे हेच कारण होतं असं सिद्ध करता येणार नाही. पण कपाटात सूट होता, घालायला निमित्त नव्हतं, आणि निमित्त मिळालं, एवढं मला या प्रकरणात दिसतं.

आणखी एक पदर आहे आणि तो सुटला तर हे प्रकरण अर्धवट कळेल. २०१५च्या आसपास मिनियनांची चित्रं फेसबुकवर मोठ्यांच्या हाती लागली. सोमवारच्या कंटाळ्यावर, चहाकॉफीवर, वजनावर, नवऱ्यावर विनोद लिहायचा आणि शेजारी मिनियन चिकटवायचा. मुलांच्या नजरेत मिनियन बघता बघता ‘आईच्या मैत्रिणींची चित्रं’ झाले. जे लहानपणी आपलं होतं ते मोठ्यांनी घेऊन टाकलं, आणि वर ते हसण्यावारी गेलं. त्या वयात अशा गोष्टीवर उघड प्रेम करणं सोपं नसतं. वर्गात कोणी म्हणालं, मला मिनियन आवडतात, तर पुढचा महिनाभर त्याची खैर नाही.

सूट ही या अडचणीतून काढलेली वाट होती. सतराव्या वर्षी साध्या टी-शर्टात लहान मुलांचा चित्रपट बघायला गेलात तर तुम्ही पोरकट. दहा मित्र, दहा सूट, आणि तोंडावर रेष हलू न देता गेलात तर तो खेळ होतो, आणि खेळाच्या आडून मनापासून टाळ्या वाजवता येतात. बऱ्याच प्रौढांनी तेव्हा हे नुसती टर उडवणं म्हणून निकालात काढलं. मला ते पटत नाही. टर उडवायला कोणी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, उन्हाळ्याच्या दिवसांत कोट घालून, दीड तास ओळीत बसत नाही. थट्टा होतीच, पण ती जिव्हाळ्याच्या माणसाची करतात तशी होती.

मत कसं पसरलं

ऑस्ट्रेलियात हा चित्रपट अमेरिकेच्या आधी, जूनमध्येच लागला होता. तिथल्या मुलांचे सूट घातलेले व्हिडिओ टिकटॉकवर आले आणि अमेरिकेत चित्रपट लागेपर्यंत काय घालायचं, कसं चालायचं, कसं बसायचं याचा नमुना तयार होता. रॅपर यीट याचं याच चित्रपटावरचं एक गाणंही त्याच सुमारास निघालं. कित्येक व्हिडिओंना पार्श्वसंगीत तेच.

या व्हिडिओंमध्ये काय नव्हतं ते महत्त्वाचं आहे. कथानकाबद्दल अवाक्षर नाही. १९७६ साल, जवळपास बारा वर्षांचा ग्रू, खलनायकांच्या टोळीत शिरायची त्याची धडपड, यातलं काहीच नाही. कोण आवडलं, शेवट कसा वाटला, मागच्यापेक्षा बरा की वाईट, काही नाही. दिसायचं ते गाडीतून उतरणं, ओळीने आत जाणं, तिकीट दाखवणं, बसणं, टाळ्या. मोठ्यांच्या दृष्टीने हा अभिप्रायच नव्हे.

पण मतं देण्याच्या किती तरी रीती असतात. किशोरवयीन मुलाला चित्रपट बघून आल्यावर विचारा, कसा होता? उत्तर येतं, ‘भारी’ किंवा ‘ठीक’. आईबाप हिरमुसतात, मुलाला काही सांगायचंच नसतं असं धरून चालतात. खरं म्हणजे प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला असतो. कोणासोबत बघितला, कुठे सगळे एकदम हसले, पुन्हा जाणार का, कोणाला ओढून नेणार, हे विचारलं की तेच मूल अर्धा तास बोलतं. या वयात चित्रपट आवडणं आणि तो कोणासोबत बघितला हे एकमेकांपासून सुटं करता येत नाही. मोठेपणी आपण एकट्याने चित्रपट बघून त्यावर मत बनवायला शिकतो. ते शिकणं चांगलंच, पण त्याआधीची पायरी कमी प्रतीची ठरत नाही.

दारातला प्रसंग

आता थिएटरवाल्यांची बाजू, आणि ती हलक्याने घेण्यासारखी मुळीच नाही.

सगळीच मुलं शांत बसली नाहीत. काही ठिकाणी वस्तू फेकल्या गेल्या, आरडाओरडा झाला, कर्मचाऱ्यांना शिवीगाळ झाली. इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्नसी बेटावर एका चित्रपटगृहाला तर खेळच रद्द करावे लागले. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं उठून गेली, त्यांना पैसे परत द्यावे लागले, काही लहानगी रडत बाहेर पडली. कॉर्नवॉलमध्ये एका चित्रपटगृहाने सूट घालून, मोठ्या माणसाशिवाय आलेल्या मुलांना आत घ्यायचं बंद केलं. ओडियनसारख्या मोठ्या साखळीनेही काही घटनांचं कारण देऊन काही ठिकाणी प्रवेशावर मर्यादा घातल्याचं सांगितलं.

सहा वर्षांचं मूल आयुष्यातला पहिलावहिला मोठा पडदा बघायला आलंय आणि मागच्या रांगेतून डोक्यावर काहीतरी येऊन पडतंय, तर त्या मुलाच्या बाजूनेच उभं राहायला हवं. त्यात दुमत नाही. तो चित्रपट जेवढा सतरा वर्षांच्यांचा होता, त्याहून थोडा जास्तच त्या सहा वर्षांच्या मुलाचा होता. मोठ्या मुलांचं मत कितीही मोलाचं असलं तरी ते लहानांचा खेळ उधळून देण्याइतकं मोलाचं नाही.

पण उपाय कशावर केला ते बघा. फेकाफेक करणाऱ्याला बाहेर काढणं हा वर्तनावरचा उपाय. टाय घातलेल्याला दारातच परत पाठवणं हा कपड्यावरचा. दुसरा सोपा होता म्हणून तो निवडला गेला. अंधारात कोणी काय फेकलं हे शोधायला आत माणूस लागतो. सूट ओळखायला दारातला एक कर्मचारी पुरतो. महामारीनंतर चित्रपटगृहं कमी माणसांवर चालत होती, त्यामुळे हे का घडलं ते समजू शकतं. तरीही त्याचा परिणाम असा झाला की नीट वागलेल्या मुलांना एक धडा मिळाला, तुम्ही काय केलंत याला किंमत नाही, तुम्ही कसे दिसता त्यावरून ठरेल. आणि ज्यांना गोंधळच घालायचा होता, ते दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घालून आत गेलेच असणार.

मुलांच्या घोळक्याला सांगता आलं असतं, रात्री नऊचा खेळ तुमचा. टाळ्या वाजवा, उभे राहा, ग्रू आला की ओरडा. फक्त काही फेकायचं नाही, आणि दुपारच्या खेळांना यायचं नाही. एक मोठा पडदा आणि आत उभे दोन कर्मचारी, एवढ्यावर भागलं असतं. चित्रपटगृहांना हा प्रकार अनोळखी होता असंही नाही. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५चा चित्रपट सुरुवातीला चालला नव्हता. १९७६पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून यायला लागले, पडद्यावरच्या संवादांना ओरडून उत्तरं द्यायला लागले, आणि तो चित्रपट त्याच प्रेक्षकांच्या जिवावर दशकानुदशकं टिकला. वेशभूषा करून, आवाज करून चित्रपट बघायची रीत चित्रपटगृहांच्या इतिहासातच आहे. फक्त तिला वेगळी वेळ आणि वेगळा पडदा दिलेला होता.

श्रेय किती?

या प्रकरणाबद्दल बोलताना एक गोष्ट बहुतेक जण फुगवून सांगतात, की टिकटॉकवरच्या पोरांनी चित्रपट तारला. आकडे एवढं म्हणू देत नाहीत.

२०१५च्या ‘मिनियन्स’ने अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत साधारण ११ कोटी ५७ लाख डॉलर कमावले होते. २०१७च्या ‘डेस्पिकेबल मी ३’ने सुमारे ७ कोटी २० लाख. मालिका उताराला लागली होती. २०२२चा चित्रपट तीन दिवसांत १० कोटी ७० लाखांवर गेला. म्हणजे उतार थांबला आणि आकडा पुन्हा वर चढला, पण २०१५ला गाठलं नाही. मालिकेची स्वतःची ताकद मोठी होतीच. शिवाय दोन-अडीच वर्षं मुलांना थिएटरात नेण्याची संधी न मिळालेली कुटुंबंही वाटच बघत होती.

पुढच्या आठवड्यात ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ आला आणि मिनियनांची तीन दिवसांची कमाई सुमारे ४ कोटी ६० लाखांवर उतरली. सूटची लाट बघता बघता ओसरली. चित्रपट मात्र चालत राहिला आणि अमेरिका-कॅनडातली एकूण कमाई ३७ कोटींच्या घरात पोचली, पहिल्या तीन दिवसांच्या जवळपास साडेतीन पट. हा पल्ला लाटेने गाठता येत नाही. तो गाठला आईबापांनी आणि लहान मुलांनी, आठवड्यामागून आठवडे येऊन. जगभरात मिळून आकडा ९३ कोटींच्या वर गेला.

तेव्हा किशोरांच्या वाट्याचं श्रेय पहिल्या तीन-चार दिवसांचं. ते कमी नाही. पहिल्या तीन दिवसांत चित्रपट चर्चेत आला नाही तर पुढच्या आठवड्यात त्याचे पडदे काढून दुसऱ्याला दिले जातात. पण त्यांना तारणहार ठरवणं हेही त्यांचं म्हणणं न ऐकण्याचाच एक प्रकार आहे. त्यांनी चित्रपट वाचवायला सूट घातले नव्हते.

‘लाइटइयर’शी तुलना केली की हे आणखी उलगडतं. दोन आठवडे आधी आलेला, दुसऱ्या एका लाडक्या मालिकेचा धागा धरलेला, तोही ॲनिमेशनपट. पहिल्या तीन दिवसांत सुमारे ५ कोटी डॉलर, अमेरिका-कॅनडात एकूण १२ कोटींच्याही आत. ‘लाइटइयर’ काढणाऱ्या पिक्सार या स्टुडिओचे आधीचे काही चित्रपट थेट घरच्या पडद्यावर आल्यामुळे लोकांना थांबायची सवय लागली होती, हे त्यातलं एक कारण. पण सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहाच्या दारात प्रेक्षकांकडून कागदी पत्रिका भरून घेते आणि श्रेणी देते. तिच्या हिशोबात ‘लाइटइयर’ला ए वजा मिळाली होती आणि मिनियनांना ए. श्रेणीपुस्तकात अर्ध्या पायरीचा फरक, तिकीटबारीवर दुपटीहून जास्त. समीक्षकांकडे बघावं तर त्यांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर मिनियनांच्या बाजूने जवळपास ७० टक्के कौल होता. ठीकठाक, पण डोक्यावर घेण्यासारखा नाही.

चित्रपट चांगला आहे का, या प्रश्नाला समीक्षक आणि श्रेणी दोघंही उत्तर देतात. या चित्रपटाला आपल्याला एकत्र जायचंय का, या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नसतं. मुलांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. ‘लाइटइयर’च्या वेळी तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलासुद्धा नसावा. त्याचा नायक बझ हे पात्र त्यांना माहीत होतं, आवडतही होतं, पण पडद्यावर गंभीर अंतराळकथा होती आणि तिच्यात त्यांना करायला काही नव्हतं. मिनियनांत होतं. ते बोलतात ती भाषा अर्धी कळते, अर्धी कळत नाही, घोळक्याने फिरतात, एका म्होरक्यावर वेड्यासारखं प्रेम करतात आणि सतत गोंधळ घालतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मित्रमंडळाला हे चित्र परकं वाटायचं कारणच नाही.

वितरकाने काय केलं

युनिव्हर्सलची वागणूक हुशारीची होती, हे मान्य करावं लागेल. त्यांनी या लाटेवर आपला शिक्का मारला नाही. सूट घालून या, बक्षीस मिळवा, अशी स्पर्धा काढली नाही. एक छोटा संदेश टाकला आणि बाजूला झाले. मुलांनी सुरू केलेल्या खेळात मोठी कंपनी उतरली की खेळ त्या क्षणी संपतो, हे त्यांना कळलेलं दिसतं.

पण त्या प्रेमाच्या संदेशाची दुसरी बाजू अशी की दारातली निस्तरायची कामं थिएटरच्या कर्मचाऱ्यांवर पडली. गल्ल्यातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, आणि सांडलेले पॉपकॉर्न गोळा करणं, रडत्या लहानग्याच्या आईला पैसे परत देणं हे त्या दिवशी कामावर असलेल्या माणसाच्या नशिबी येतं. तो कर्मचारी बऱ्याचदा स्वतःच अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. म्हणून कपड्यांवर बंदी घालणाऱ्या चित्रपटगृहांवर मला पूर्ण राग धरता येत नाही. वितरकाने त्याच संदेशात आणखी एक ओळ घातली असती, की दंगा करा पण लहानांचा खेळ बिघडवू नका, तर ती मुलांनी ऐकली असती. आपल्या बाजूच्या माणसाचं ही मुलं ऐकतात.

पुढच्या उन्हाळ्यांत

२१ जुलै २०२३ला ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ एकाच दिवशी लागले. गुलाबी कपडे घालून घोळके आले, सगळ्या वयांचे, आणि कोणी दार लावलं नाही. गुलाबी कपड्यांत आलेल्या तरुणींमध्ये कोणाला धोका दिसला नाही, काळ्या सूटमधल्या मुलग्यांमध्ये दिसला. हा फरक नुसत्या वागणुकीचा होता की बघणाऱ्यांच्या धास्तीचाही, हे एकदा नीट तपासायला हवं. माझ्या मते दोन्हींचा होता.

४ एप्रिल २०२५ला माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमवरचा ‘अ माइनक्राफ्ट मूव्ही’ आला, उन्हाळ्याच्या थोडा आधी, आणि २०२२चीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. ‘चिकन जॉकी’ हे त्या गेममधल्या एका प्राण्याचं नाव पडद्यावर उच्चारलं गेलं की सगळं थिएटर उसळायचं, पॉपकॉर्नचा पाऊस पडायचा, काही ठिकाणी पोलीस बोलावले गेले. समीक्षकांना चित्रपट फारसा रुचला नव्हता. मुलांना त्याने फरक पडला नाही. माइनक्राफ्टचं जग त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी, एकेक ठोकळा रचून बांधलं होतं. अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत १६ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली.

या वेळी एक गोष्ट वेगळी घडली. चित्रपटातला नट जॅक ब्लॅक एका खेळाला अचानक पोचला आणि पॉपकॉर्न फेकायचं नाही असं प्रेक्षकांना हसत हसत, त्यांच्याच भाषेत बजावून आला. २०२२मध्ये राहून गेलेली ओळ ती हीच. पुढे २ मेपासून निर्मात्यांनी गाणं म्हणा, ओरडा, सोबत बोला अशा परवानगीचे खास खेळ लावले. ज्यांना शांतपणे बघायचंय त्यांनी नेहमीच्या खेळाला जावं, ज्यांना दंगा करायचाय त्यांनी याला.

एवढंच की हे खेळ आले चित्रपट लागल्यावर चार आठवड्यांनी. तोवर मुलांचा बहर ओसरलेला होता आणि ज्या लहानग्यांचे खेळ बिघडायचे ते बिघडून गेले होते. किशोरांचं मत पहिल्या शुक्रवारी रात्री व्यक्त होतं. त्यांच्यासाठीचा वेगळा पडदा लावायचा तर तो त्याच शुक्रवारी लावावा लागेल, आणि त्यासाठी तिकिटं आगाऊ विकली जात असताना कोण येतंय, किती जण एकत्र जागा घेतायत, टिकटॉकवर दुसऱ्या देशातली मुलं आधीच काय करतायत हे बघावं लागेल. २०२२मध्ये ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ अमेरिका आणि ब्रिटनमधल्या प्रदर्शनाच्या आधीच सगळ्यांसमोर होते. शुक्रवारी दारात काय उभं राहणार ते त्यांत दिसत होतं.